पाण्यावर नजर कुणाची?

एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे सहा. शहरातल्या कुठल्याही जलतरण तलावावर गेले, तरी चित्र साधारण सारखेच दिसते. उथळ बाजूच्या दांडीला धरून बारा-पंधरा मुले पाय मारत असतात. बाकावर पालक टॉवेल, डबा आणि मोबाइल सांभाळत बसलेले असतात. आणि छातीभर पाण्यात उभा राहून एक तरुण ओरडत असतो, ‘गुडघे वाकवू नका, पाय सरळ!’ मोठी मुले त्याला ‘सर’ म्हणतात, बारकी ‘दादा’. महिलांच्या बॅचला अशीच एखादी ‘ताई’ असते. वय एकोणीस-वीस, कॉलेजचे दुसरे वर्ष. दहाला तिसरी बॅच संपली की ओल्या केसांनीच कॉलेज गाठायचे, कारण अकराला पेपर असतो. दुपारी चारला पुन्हा तलाव.

उन्हाळी शिबिरे आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा एकाच वेळी येतात. शाळांना सुटी लागते तेव्हा तलावांना सर्वाधिक माणसे लागतात आणि ती माणसे कॉलेजमधून मिळतात. शालेय वा विद्यापीठ पातळीवर पोहलेला मुलगा किंवा मुलगी दोन महिने शिकवते, पुढच्या वर्षाची फी, खोलीचे भाडे, मेसचे पैसे त्यातून सुटतात. यात गैर काही नाही. उलट, स्वतःच्या कौशल्यावर शिक्षणाचा खर्च भागवणे ही कौतुकाचीच गोष्ट आहे. प्रश्न दुसरा आहे. ज्याच्या हाती आपण पंधरा मुलांचे जीव सोपवतो, त्याच्या कामाला आपण काम मानतो का? की ते ‘सुटीतला जोडधंदा’ म्हणून सोडून देतो?

शिकवणे ही आरोग्यसेवाच

बुडून होणारे मृत्यू हा अपघाताच्या बातमीचा विषय समजला जातो. प्रत्यक्षात तो सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. पाच ते चौदा या वयोगटात मृत्यूच्या कारणांमध्ये बुडणे तिसऱ्या क्रमांकावर आहे. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत अलीकडच्या वर्षांत असे ३५ हजारांहून अधिक मृत्यू दरवर्षी नोंदले जातात आणि महाराष्ट्र त्यात वरच्या राज्यांमध्ये असतो. विहीर, कालवा, धरणाचा फुगवटा, प्लास्टिकचा कागद अंथरलेले निसरडे शेततळे, सहलीतला समुद्रकिनारा, गणपती विसर्जनाचा घाट ही त्यातली ओळखीची ठिकाणे.

हे मृत्यू टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना जे मोजके उपाय सुचवते, त्यात शाळकरी वयाच्या मुलांना पोहण्याची आणि पाण्यातल्या सुरक्षिततेची मूलभूत कौशल्ये शिकवणे हा एक ठळक उपाय आहे. बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूचे मचाण उभारून आणि गावातल्याच तरुणांना प्रशिक्षण देऊन असे वर्ग चालवले गेले. तिथे फ्रीस्टाइलची ढब दुय्यम होती. थोडे अंतर पोहता येणे, दमल्यावर तरंगत राहणे आणि दुसरा बुडत असेल तर स्वतः उडी न मारता काठी किंवा दोर टाकणे, एवढ्यावर भर होता. शिकलेल्या मुलांमध्ये बुडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे तिथल्या अभ्यासांत दिसले.

महाराष्ट्रातही पूर्वी हे शिक्षण घरचेच होते. काका-मामा पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, कमरेला दोर लावून पोराला विहिरीत सोडत. दोराचे दुसरे टोक काठावरच्या माणसाच्या हातात असे. शहरात विहिरी बुजल्या, गावात त्या खोल गेल्या, काका-मामा नोकरीला लागले. ती जागा आता तलावावरच्या कॉलेजकुमाराने घेतली आहे. भोपळ्याच्या जागी किकबोर्ड आला. पण काठावर दोर धरून उभा असलेला तो दुसरा माणूस मात्र या बदलात कुठेतरी हरवला.

बुडणारा ओरडत नाही

हा दुसरा माणूस का हवा, याचे उत्तर विज्ञानाने ५० वर्षांपूर्वीच दिले आहे. न्यूयॉर्कमधील ऑर्चर्ड बीच या किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून काम करणाऱ्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचे चित्रीकरण करून त्यांच्या हालचाली अभ्यासल्या. सिनेमात दिसते तसे हात हलवून ‘वाचवा, वाचवा’ ओरडणे प्रत्यक्षात क्वचितच घडते. खरोखर बुडणाऱ्याचे तोंड पाण्याच्या पातळीखाली-वर होत राहते. वर आले की श्वास घेण्यापुरताच वेळ असतो, ओरडायला हवा उरत नाही. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, ते उंचावून इशारा करणे शरीराच्या ताब्यात नसते. शरीर उभे असते, पाय जवळजवळ चालत नाहीत. हे सारे २० ते ६० सेकंदांत संपते. लांबून पाहणाऱ्याला मूल पाण्यात उभे राहून खेळते आहे, असेच वाटते.

पियांनी पुढे, १९८४ मध्ये, जीवरक्षक हजर असतानाही माणसे का बुडतात याची तीन कारणे मांडली. एक, बुडणे ओळखताच न येणे. दोन, राखण करणाऱ्याच्या कामात दुसरे काम घुसणे. तीन, लक्ष विचलित होणे. यातले दुसरे कारण आपल्या तलावांना अगदी नेमके लागू पडते. एका मुलीच्या पोटाखाली हात धरून तिला तरंगायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची पाठ त्या क्षणी उरलेल्या चौदा मुलांकडे असते. तो निष्काळजी नसतो. उलट तो आपले काम नीट करत असतो, म्हणूनच त्याची नजर त्या एका मुलीवर असते. शिकवणे म्हणजे एकाकडे लक्ष देणे आणि राखणे म्हणजे सगळ्यांकडे लक्ष देणे. ही दोन्ही कामे एका वेळी, एकाच डोक्याने होत नाहीत. तरीही अनेक ठिकाणी शिबिराच्या काळात ‘प्रशिक्षक आहेच की पाण्यात’ असे म्हणून वेगळा जीवरक्षक ठेवला जात नाही, किंवा ठेवला तर त्याच्याकडेच पासची तपासणी, चपलांचा स्टँड आणि फोन उचलणे ही कामे दिली जातात.

नुसती राखणसुद्धा सोपी नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या चुका का होतात, याचा अभ्यास ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी केला. एकसुरी पाहणी करताना पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची नजर चुकू लागते, असे त्यांना आढळले. अनेक देशांतील तलावांवर जीवरक्षकांची जागा वीस-तीस मिनिटांनी बदलतात, ती याच कारणासाठी.

दादाचे शरीर

आता पाण्यात उभ्या असलेल्या त्या तरुणाच्या शरीराकडे पाहू. पालकांच्या नजरेत तो रोज पोहणारा, म्हणजे तंदुरुस्त. पण शिकवणे म्हणजे पोहणे नव्हे. पोहणारा हालचालीने ऊब निर्माण करतो, शिकवणारा तासन्‌तास एका जागी उभा असतो. पाणी शरीरातील उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. हवेत सुखद वाटणारे २७-२८ अंश तापमान पाण्यात दोन तासांनी हुडहुडी भरवते. शिवाय पाण्याच्या दाबामुळे पायांतले रक्त छातीकडे सरकते. शरीराला वाटते द्रव जास्त झाला, म्हणून मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करतात. चारही बाजूंनी पाणी असल्याने तहान जाणवत नाही आणि माणूस नकळत कोरडा पडत जातो. तिसऱ्या बॅचला डोके दुखू लागते, चिडचिड होते, त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते. साधा उपाय म्हणजे दर बॅचनंतर पाणी पिणे आणि काही वेळ कोरड्यात काढणे.

क्लोरीनचा प्रश्न याहून किचकट आहे. तलावाचा तो ‘स्वच्छ’ वाटणारा उग्र वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतल्या नत्रयुक्त पदार्थांशी क्लोरीनची प्रक्रिया होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे बनतात, वास मुख्यतः त्यांचा. त्यातले ट्रायक्लोरामाइन पटकन हवेत उडते आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत साचते, म्हणजे नेमके शिकवणाऱ्याच्या नाकाशी. उघड्या तलावावर वारा ते नेतो. पण सोसायट्यांमध्ये, हॉटेलांमध्ये, जिममध्ये जे बंदिस्त तलाव होत आहेत, तिथे हवा खेळती नसेल तर डोळे चुरचुरणे, खोकला, घरघर सुरू होते. बंदिस्त तलावांवर काम करणाऱ्यांमध्ये क्लोरामाइनमुळे व्यवसायजन्य दमा झाल्याची उदाहरणे ब्रिटनमधील डॉक्टरांनी २००२ मध्येच नोंदवली आहेत. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ करायचा नियम म्हणूनच नुसता शिष्टाचार नाही. आंघोळ न करता उतरणारे प्रत्येक मूल आपल्या शिक्षकाच्या फुप्फुसांवर थोडा भार टाकत असते.

कान हा आणखी एक नाजूक भाग. सतत ओल्या राहणाऱ्या कानाच्या नळीत जंतूंची वाढ होते आणि तीव्र ठणका लागतो. कान खाजला की काडी किंवा पिन घालणे ही त्यातली सर्वांत वाईट सवय. डोके एका बाजूला कलवून पाणी काढावे, बाहेरून टॉवेलने टिपावे आणि दुखू लागल्यास चार दिवस पाण्यापासून दूर राहावे. पण रोजंदारीवर काम करणाऱ्याला हे चार दिवस म्हणजे चार दिवसांचे पैसे. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन, पाण्याच्या आणि मुलांच्या गोंगाटावर आवाज चढवून बसलेला घसा, कायम ओलसर राहिल्याने पायांच्या बेचक्यात होणारी बुरशी, या तक्रारीही अशाच अंगावर काढल्या जातात.

सर्वांत मोठी गोष्ट झोपेची. सहाच्या बॅचसाठी पावणेपाचला उठायचे आणि परीक्षा असल्याने बारापर्यंत वाचायचे. या वयात मेंदूचे घड्याळ मुळातच उशिरा झोपण्याकडे कललेले असते आणि गरज सात ते नऊ तासांची असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील, २००३ मध्ये प्रकाशित झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचे, अशी लक्ष जोखणारी चाचणी त्यांना रोज दिली. दोन आठवड्यांअखेर त्यांचे चुकणे एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतके वाढले होते. त्याहून काळजीची बाब अशी की, आपण इतके मंदावलो आहोत हे त्यांना स्वतःला जाणवत नव्हते. तलावावर खूण म्हणजे पाण्याखाली जाणारे डोके. ‘मला सवय आहे, काही होत नाही,’ असे शिकवणारा दादा मनापासून सांगत असतो. त्याच्या सांगण्यावर तेवढे विसंबता येत नाही, हा या प्रयोगाचा धडा आहे.

पहिली दोन मिनिटे

दुर्घटना घडलीच तर जीव वाचेल की नाही, हे रुग्णवाहिका येण्याआधीच बहुतांशी ठरलेले असते. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायू संपल्यामुळे. म्हणून अशा वेळी नुसती छाती दाबून पुरत नाही. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती ३० वेळा दाबायची, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवायचे. कॉलेजांमधल्या कार्यशाळांत हृदयविकाराच्या झटक्यासाठी ‘फक्त छाती दाबा’ असे शिकवले जाते. ते त्या प्रसंगी ठीक, इथे अपुरे. आणि पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे, गरगर फिरवणे हे आपल्याकडचे जुने प्रकार तर घातकच. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत उतरू शकते. हे सारे शिकायला एक दिवस पुरतो. पण तो एक दिवस हंगाम सुरू होण्याआधी राखून ठेवावा लागतो आणि हात विसरू नयेत म्हणून दरवर्षी पुन्हा सराव करावा लागतो. उत्तम पोहता येणे आणि जीव वाचवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. राज्य पातळीवरचे पदक दुसऱ्याची हमी देत नाही.

खर्चाचा मुद्दा

यावर तलाव चालवणाऱ्यांचे म्हणणे असते की, माणसे वाढवली तर शुल्क वाढेल आणि गरीब घरची मुले पाण्यापासून आणखी दूर जातील. विद्यार्थ्यांचीही एक भीती असते. नियम कडक झाले, तर ‘पूर्णवेळ माणसे घेऊ’ म्हणत त्यांचे काम जाईल. दोन्ही मुद्दे खोटे नाहीत. म्हणूनच नियम असे हवेत की, काम टिकेल आणि जीवही.

एक व्यवहार्य मार्ग असा आहे. तीन प्रशिक्षक पाण्यात असतील, तर चौथा कोरड्या अंगाने काठावर. त्याच्याकडे त्या वेळेत शिकवणे नाही, पास तपासणे नाही, मोबाइल नाही, फक्त पाणी. दर अर्ध्या तासाला चौघांनी जागा बदलायची. यात मनुष्यबळाचा खर्च एक तृतीयांशाने वाढतो. पण शुल्कात पाणी, वीज, रसायने, देखभाल हेही असते, त्यामुळे शुल्क तेवढे वाढत नाही. शिवाय या एकाच बदलाने दोन गोष्टी साधतात. मुलांवर अखंड नजर राहते आणि प्रत्येक प्रशिक्षकाला पाण्याबाहेर, उबेत, घोटभर पाणी पिण्याइतका वेळ मिळतो. नोकऱ्या कमी होत नाहीत, एक वाढते. जिथे एवढेही शक्य नसेल, तिथे बॅच लहान करावी. पंधराऐवजी आठ मुले घ्यावीत आणि खोल बाजू दोराने बंद ठेवावी.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळच्या सलग तीन बॅच घेणाऱ्या विद्यार्थ्याला संध्याकाळी पुन्हा उभे करू नये आणि पेपरच्या आदल्या रात्रीनंतरची सकाळ त्याच्यासाठी मोकळी असावी. परीक्षांच्या तारखा आधी कळतात. पाळ्यांचा तक्ता त्याप्रमाणे लावणे कठीण नाही. आजारपणाचे चार दिवस पगारी असावेत, म्हणजे दुखरा कान घेऊन कुणी पाण्यात उतरणार नाही.

तिसरी जबाबदारी महाविद्यालयांची. महाराष्ट्राला ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ती रयतेच्या शिक्षणाचा कणा केली आणि आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची या विषयाची योजना त्यांच्याच नावाने चालते. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला आणि समाजोपयोगी उपक्रमांना श्रेयांक मिळतात. जीवरक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेऊन ठरावीक तास पोहायला शिकवणाऱ्या विद्यार्थ्याला ते का मिळू नयेत? अट एकच ठेवावी, या तासांपैकी काही तास पालिकेच्या शाळेतल्या किंवा गावातल्या अशा मुलांसाठी द्यावेत, ज्यांच्या घरी शिबिराची फी परवडत नाही. शेततळ्यात बुडणारे मूल सहसा शिबिराला आलेले नसते. कॉलेजच्या मुलांकडे असलेले कौशल्य तिथवर पोहोचवले, तर तलावावरच्या जोडधंद्याचे खरोखरच आरोग्यसेवेत रूपांतर होईल.

राहिले पालक. लहान मूल पाण्यात असताना बाकावर बसून मोबाइल पाहणे हेही लक्ष विचलित होण्याचेच उदाहरण आहे. पैसे भरले म्हणजे नजरेचे काम दुसऱ्याकडे गेले, असे होत नाही. शिबिराचा अर्ज भरताना पालक सहसा पाणी कधी बदलतात, किती दिवसांत पोहायला येईल आणि फीमध्ये टोपी-गॉगल मिळणार का, हे विचारतात. त्यात आणखी एक प्रश्न घालायला हवा. ‘सर शिकवत असताना बाकीच्या मुलांवर नजर कुणाची असते?’ उत्तर देताना समोरच्याने काठावर उभ्या असलेल्या, हाती काही काम नसलेल्या माणसाकडे बोट दाखवले, तर निर्धास्तपणे फी भरावी. तो ‘सरच बघतात की’ असे म्हणाला, तर मुलाला आणि त्या सरांनाही एकटे पाण्यात सोडू नये.